पक्षाघातांतून उठणारीं माणसें

मनुष्याच्या देहावर येणाऱ्या आपत्तींत अर्धांगवायूइतकी अवचित येणारी आणि मनाला इतकी अपमानकारक वाटणारी आपत्ति क्वचितच दुसरी असेल. ज्वर चढतो तो बहुधा सूचना देऊन चढतो. क्षय वर्षानुवर्षें माणसाची संगत करतो. परंतु पक्षाघात हा रात्रीं धडधाकट निजलेल्या गृहस्थास सकाळीं अर्धा करून उठवितो. हात आपलाच असतो, पण तो आज्ञा मानीत नाहीं. शब्द ओळखीचा असतो, पण जिभेवर येत नाहीं. रोगाचें कारण कोणी शोधलें आणि औषध कोणी काढलें याचें वर्णन वैद्यकाच्या इतिहासांत विस्तारानें येतें; रोगी पुन्हां उभा कसा राहिला, हें मात्र चरित्रांतून, पत्रांतून आणि घरगुती आठवणींतून वेंचून काढावें लागतें. प्रस्तुत लेखांत अशा कांहीं हकीकती एकत्र मांडून एकच प्रश्न विचारावयाचा आहे. लुळें पडलेलें अंग पुन्हां हालूं लागतें तें कोणाच्या बळावर? औषधाच्या, रोग्याच्या निश्चयाच्या, कीं त्याच्या शेजारीं बसणाऱ्या माणसाच्या?

प्राचीनांनीं या व्याधीविषयीं फारशी आशा बाळगिली नव्हती. या रोगाचा जोराचा झटका बरा होणें अशक्य आणि सौम्य झटकाहि बरा होणें सोपें नव्हे, अशा अर्थाचें एक सूत्र हिप्पोक्रेटिसच्या नांवावर असलेल्या संग्रहांत आहे, आणि युरोपांतील वैद्यांवर त्याची छाया शतकानुशतकें पडलेली दिसते. आपल्याकडे चरकानें चिकित्सास्थानाच्या 28व्या अध्यायांत, वातव्याधींमध्यें, पक्षाघाताचा विचार करून स्नेहन, स्वेदन आणि विरेचन हे उपाय सांगितले. सुश्रुताची भूमिका अधिक लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्याचीं गात्रें सुकून गेलेलीं नाहींत, ज्यास वेदना कळतात, जो आत्मवान् आणि उपकरणवान् आहे, अशा रोग्याची चिकित्सा वैद्यानें हातीं घ्यावी, असें तो म्हणतो. आणि ती तीन-चार महिने नेटानें चालवावी, असेंहि सांगतो. आत्मवान् म्हणजे मनावर ताबा असलेला, धीराचा. उपकरणवान् म्हणजे साधनें जवळ असलेला. चरकानें तर सर्वच चिकित्सेचे चार पाय कल्पिले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठिकाणीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, शुचिता आणि रोग्याविषयीं अनुराग असावा, असा त्याचा आग्रह आहे. शेजारीं बसणाऱ्या माणसास या ग्रंथकारानें चिकित्सेचा चतुर्थांश मानिलें, ही गोष्ट पुढील इतिहास वाचतांना ध्यानांत ठेवावी. मात्र परिचारकाकडून त्या काळीं अपेक्षा होती ती मुख्यतः सेवेची. रोग्याची सेवा करणें आणि रोग्याकडून काम करून घेणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें कळावयास जगाला पुष्कळ काळ लागला.

1658 सालीं स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील वैद्य योहान याकोब वेप्फर यानें शवविच्छेदनाच्या आधारें, मेंदूंत होणारा रक्तस्राव हें या झटक्याचें एक कारण असल्याचें दाखविलें. ज्ञानाच्या दृष्टीनें ही मोठीच मजल होती; परंतु खाटेवर पडलेल्या माणसास तिचा उपयोग थोडा. रक्त काढणें, जुलाब देणें, अंगावर फोड आणणारे लेप लावणें आणि मग वाट पाहणें, हाच क्रम पुढें दीड-दोन शतकें चालला.

अशा काळांतील एका रोग्याची हकीकत इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. 17 जून 1783 रोजीं पहाटेच्या सुमारास, वयाच्या 73व्या वर्षीं, डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांस झटका आला आणि त्यांची वाचा गेली. ज्या पुरुषाचें सारें वैभव संभाषणांत होतें, त्याच्या जिभेवरच हा घाला पडला. बुद्धि शाबूत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं अंथरुणांतच लॅटिन पद्यांत ईश्वराची प्रार्थना रचिली. पद्य फारसें चांगलें उतरलें नाहीं, परंतु तें चांगलें नाहीं हें आपणांस कळलें, तेव्हां बुद्धि जागेवर आहे, असा निष्कर्ष त्यांनीं काढिला. सकाळीं त्यांनीं नोकराच्या हातीं चिठी दिली. मालक बोलावयाचें सोडून लिहून कां देतात, हें त्या बिचाऱ्यास कळेना. शेजाऱ्यास पत्र लिहितांना हात भलतींच अक्षरें काढीत होता, तरी त्यांनीं पत्र पुरें केलें. वैद्यांनीं फोडांचे लेप लावले. वाचा हळूहळू परत आली. परंतु जॉन्सन यांनीं स्वतःवर केलेला खरा उपचार पुढें दिसतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं लंडनमधील एसेक्स हेड या खानावळींत एक मंडळ स्थापिलें. आठवड्यांतून तीन संध्याकाळीं मित्रांनीं जमावें आणि बोलत बसावें, एवढाच त्याचा उद्देश. वाचा गमावून बसलेल्या माणसानें बोलण्यासाठींच एक मंडळ काढावें, याहून समर्पक औषध कोणत्या वैद्यानें सुचविलें असतें? वर्षभरानें, डिसेंबर 1784 मध्यें, ते निवर्तले. पण ते मौनांत गेले नाहींत.

एकोणिसाव्या शतकांतील दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. 19 ऑक्टोबर 1868 रोजीं लुई पाश्चर यांस 45व्या वर्षीं पक्षाघात होऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली. त्यांच्यासाठीं पॅरिसमध्यें नवी प्रयोगशाळा बांधावयास नुकताच आरंभ झाला होता. रोगी आतां वांचत नाहीं अशा समजुतीनें तें बांधकाम थांबविण्यांत आलें. पाश्चर यांस हें कळलें तेव्हां त्यांस झालेलें दुःख रोगाच्या दुःखाहून कमी नसावें. ही गोष्ट सम्राटाच्या कानीं घालण्यांत आली, आणि काम पुन्हां सुरू झालें. इकडे शिष्य आळीपाळीनें उशाशीं जागत होते, आणि झटक्यानंतर थोड्याच दिवसांत गुरूंनीं त्यांच्यापैकीं एकास रेशमाच्या किड्यांच्या रोगाविषयीं टिपण सांगून लिहवून घेतलें. पुढील जानेवारींत ते दक्षिण फ्रान्समधील रेशमाच्या प्रदेशाकडे संशोधनासाठीं निघालेहि. त्यांचा डावा पाय जन्मभर ओढत राहिला आणि डावा हात कधींच पूर्ववत् झाला नाहीं. तथापि पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लसीचा सुप्रसिद्ध प्रयोग त्यांनीं केला तो 1885 सालीं, म्हणजे या झटक्यानंतर जवळजवळ सतरा वर्षांनीं. प्रयोगशाळेच्या थांबलेल्या भिंती पुन्हां चढूं लागल्या, याचा त्यांच्या स्नायूंशीं कांहीं संबंध नव्हता असें कोणी म्हणेल. मला तसें म्हणवत नाहीं. ज्याची कोणास गरज उरली नाहीं असा माणूस उठून उभा राहणार तो कोणासाठीं?

दुसरें उदाहरण अमेरिकन कवि वॉल्ट व्हिटमन यांचें. जानेवारी 1873 मध्यें त्यांची डावी बाजू गेली. त्याच वर्षीं आई वारली. आणि ते भावाच्या आश्रयास कॅमडेन येथें येऊन राहिले. तेथील दिवस मोठ्या औदासीन्यांत गेले. पुढें 1876 पासून ते टिंबर क्रीक नांवाच्या ओढ्याकांठीं एका शेतकरी कुटुंबाकडे जाऊन राहूं लागले, आणि तेथें त्यांनीं आपला उपचार आपणच शोधून काढिला. कोवळीं, लवचिक झाडें धरावीं, तीं वांकवावीं, ढकलावीं, ओढावीं, जणू त्यांच्याशीं कुस्ती खेळावी. आणि मग ओढ्याच्या पाण्यांत आणि उन्हांत अंग शेकावें. झाडाचा जोर आपल्या अंगांत उतरतो आहे असें त्यांस वाटे. 1882 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या स्मरणपर गद्यग्रंथांत हें वर्णन आलें आहे. आज फिजिओथेरपीच्या शाळेंत विरोधाविरुद्ध करावयाचा व्यायाम म्हणून जें शिकवितात, तें या कवीनें कोणत्याहि शिक्षकावांचून केलें. मात्र त्या एकांताच्या पाठीशीं एक भरलें घर होतें, जेवणाचें पान वाढणारे हात होते आणि तरुण मुलांचा सहवास होता, हें विसरतां कामा नये.

आतांपर्यंतच्या या हकीकती थोरांच्या आहेत, आणि थोरांच्या निश्चयाचें कौतुक करण्यांत आपण इतके रमतों कीं, त्यांतील नियम शोधावयाचें राहून जातें. तो नियम प्रथम सांपडला तो माणसांत नव्हे, माकडांत. 1917 सालीं रॉबर्ट ऑग्डेन आणि शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ या दोघां अमेरिकन संशोधकांनीं माकडांच्या मेंदूस इजा करून त्यांची एक बाजू लुळी केली आणि निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या माकडास स्वस्थ सोडून दिलें, तें चांगल्या हातानेंच सारें उरकी, आणि लुळा हात लुळाच राही. परंतु चांगला हात बांधून टाकून रोगी हातास काम करावयास भाग पाडलें, म्हणजे त्या हातांत हालचाल येई. हें संशोधन पुष्कळ वर्षें जवळजवळ अडगळींत पडून होतें. पुढें एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञानें माकडांवरील स्वतःच्या प्रयोगांवरून यामागील कारण सांगितलें. झटक्यानंतर आरंभीच्या दिवसांत हात खरोखरच असमर्थ असतो. प्रत्येक प्रयत्न फसतो. आणि त्या फसण्यांतून प्राणी हात न वापरण्याची संवय शिकतो. पुढें मज्जासंस्था थोडीफार सांवरते, तरी शिकलेली संवय सुटत नाहीं. म्हणजे पंगुत्वाचा एक भाग इजेचा असतो आणि दुसरा भाग शिकलेला असतो. आणि जें शिकलेलें आहे, तें विसरवितां येण्याजोगें असतें.

या नियमाचा एक अर्थ प्रयोगशाळेच्या बाहेरहि लागूं पडतो, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. निरोगी हात जें रोगी हाताचें करतो, तेंच प्रेमळ कुटुंब रोगी माणसाचें करतें. आपल्या घरांत वडील माणसास झटका आला म्हणजे सारें घर धांवतें. सून पाण्याचा पेला ओठांशीं नेते, मुलगा सदऱ्याच्या गुंड्या लावतो, नातू काठीहि उचलूं देत नाहीं. ‘आपण बसून राहा, आम्ही आहों ना,’ हें वाक्य दिवसांतून दहा वेळां कानीं पडतें. रोगी एका शब्दासाठीं चांचपडूं लागला कीं, दुसराच कोणी तो शब्द उच्चारून मोकळा होतो. यांत अनुराग आहे, दक्षता आहे, शुचिता आहे. चरकाच्या कसोटीस हे परिचारक उतरतील. आणि तरीहि सहा महिन्यांनीं पाहावें तों तो हात सुकलेला, ती जीभ मुकी आणि तो मनुष्य कोपऱ्यांतल्या देव्हाऱ्यासारखा पूज्य आणि अचल होऊन बसलेला! ज्या आदरानें त्यास जपलें, त्याच आदरानें त्याचें उरलेलें अंगहि बांधून टाकलेलें असतें.

याच्या उलट काय करतां येतें, याचें उदाहरण न्यूयॉर्कमधील एका प्राध्यापकाच्या घरीं घडलें. पेद्रो बाख-इ-रिता हे मूळचे कॅटलन विद्वान् तेथील सिटी कॉलेजांत अध्यापन करीत. 1959 सालीं, वयाच्या 65व्या वर्षीं, त्यांस पक्षाघात होऊन शरीराची एक बाजू आणि वाचा गेली. कांहीं आठवड्यांच्या उपचारानें फरक पडेना, तेव्हां मेक्सिकोंत वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या जॉर्ज नांवाच्या मुलानें बापास आपल्या घरीं नेलें. त्यास या रोगाच्या शास्त्राची फारशी माहिती नव्हती, आणि तेंच बहुधा बापाचें भाग्य ठरलें. लहान मूल आधीं रांगतें आणि मग चालतें, तेव्हां बापानेंहि रांगण्यापासून आरंभ करावा, असें त्यानें ठरविलें. प्राध्यापकमहाशय दुबळा खांदा भिंतीस टेकून महिनोन्‌महिने रांगत होते. शेजाऱ्यांस तें पाहवेना. एवढ्या विद्वान् माणसास जनावरासारखें रांगावयास लावणें त्यांस अशोभनीय वाटलें. मुलगा ढळला नाहीं. जमिनीवर गोट्या टाकून त्या पकडावयास लावणें, भांडीं घासतांना दुबळ्या हातास काम देणें, असे घरांतलेच खेळ आणि घरांतलींच कामें त्यानें व्यायाम म्हणून योजिलीं. वर्षभरानें वडील पुन्हां कॉलेजांत शिकवूं लागले. 1965 सालीं कोलंबियांतील डोंगरांत चढण चढत असतां हृदयविकारानें त्यांस मृत्यु आला. पुढें शवविच्छेदन झालें तेव्हां मेंदूंतील मूळची इजा अतिशय मोठी असून ती तशीच राहिलेली आढळली. म्हणजे तुटलेला रस्ता दुरुस्त झालेला नव्हता. मेंदूनें दुसरी वाट काढली होती. दुसरा मुलगा पॉल हा स्वतः मज्जासंस्थेचा संशोधक होता. प्रौढ मेंदूहि स्वतःची नवी मांडणी करूं शकतो, या मताचा तो पुढें एक प्रमुख पुरस्कर्ता झाला.

येथवर सोबतीचा हात घरच्या माणसाचा होता. तो शेजाऱ्याचाहि असूं शकतो, हें 1965 सालीं इंग्लंडांतील ग्रेट मिसेंडेन या गांवीं दिसून आलें. अमेरिकन नटी पॅट्रिशिया नील हिच्या मेंदूंत त्या वर्षीं 17 फेब्रुवारीस रक्तस्राव झाला. वय 39, पोटांत मूल. शस्त्रक्रियेनंतर सुमारें तीन आठवडे ती बेशुद्धींत होती. शुद्धीवर आली तेव्हां उजवी बाजू लुळी आणि भाषा नाहींशी झालेली. तिचा पति, प्रसिद्ध लेखक रोआल्ड डाल, यानें तिला घरीं आणल्यावर गांवांतील स्नेह्यांची पाळी लावून दिली. रोज निरनिराळीं माणसें येत आणि आळीपाळीनें, दिवसाचे बरेच तास, तिच्याकडून वाचन, शब्दांचे खेळ, हिशेब, कोडीं करून घेत. ती मागेल ती वस्तु, तिचें नांव उच्चारल्यावांचून तिला द्यावयाची नाहीं, असाहि पतीचा कडक नियम होता. त्या काठिण्याबद्दल पुढें पुष्कळ वाद झाला, आणि स्वतः नील हिच्या आठवणींतहि कृतज्ञता आणि राग हे दोन्ही आढळतात. ऑगस्टांत तिला सुदृढ मुलगी झाली. आणि 1968 सालीं ‘द सब्जेक्ट वॉज रोझेस’ या चित्रपटांत तिनें केलेल्या भूमिकेचें नामांकन ऑस्कर पारितोषिकासाठीं झालें.

त्या मंडळींत व्हॅलरी ईटन ग्रिफिथ नांवाची एक शेजारीण होती. ती वैद्य नव्हती, परिचारिका नव्हती, भाषोपचाराचेंहि शिक्षण तिनें घेतलेलें नव्हतें. परंतु तिनें एक गोष्ट ओळखली: रोग्यास जितकी शब्दांची गरज आहे, तितकीच आपल्यासाठीं कोणी अगत्यानें येत आहे या जाणिवेची आहे. 1970 सालीं तिनें आपला अनुभव पुस्तकरूपानें मांडला, आणि 1973 मध्यें ब्रिटनमधील एका संस्थेच्या आश्रयाखालीं पक्षाघाताच्या रोग्यांसाठीं स्वयंसेवकांची योजना सुरू झाली. स्वयंसेवकांनीं घरीं जावें आणि रोग्यांनीं आठवड्यास एकदां एकत्र जमावें, असा तिचा क्रम. हें एकत्र जमणें मला विशेष वाटतें. वैद्य सांगतो तें रोगी ऐकतो. पण समोरचा माणूस आपल्यासारखाच वांकड्या पायानें तीन पायऱ्या चढून गेला, हें तो पाहतो. आणि जो चढून गेला, त्यालाहि आपण आतां केवळ सेवा घेणारे नसून कोणास तरी कांहीं देणारे आहों, हें प्रथमच जाणवतें. 1926 सालीं फ्रॅंक्लिन रूझवेल्ट यांनीं जॉर्जियांतील वॉर्म स्प्रिंग्ज हें स्थान विकत घेतलें, तें पोलिओच्या रोग्यांसाठीं. रोग निराळा, परंतु तत्त्व हेंच: स्वतः पंगु असलेला पुरुष कोमट झऱ्याच्या पाण्यांत उभा राहून दुसऱ्या पंगूंस पाय कसे हालवावे हें शिकवीत असे.

आपल्याकडे या विद्येचा पाया घातला गेला तो मुंबईंत. अमेरिकेंत जन्मलेल्या आणि विवाहानें महाराष्ट्रीय झालेल्या कमला निंबकर यांनीं 1950 सालीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे व्यवसायोपचाराची, शाळा सुरू केली. रोग्यास त्याच्या नित्याच्या कामांतूनच पुन्हां समर्थ करावयाचें, हा या शास्त्राचा मूलमंत्र. पुढें 1955 मध्यें हाजीअली येथें पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. परंतु अशा संस्था शहरांत. आणि झटका तर मावळांतल्या वाडीवरहि येतो. तेथें व्यवसायोपचारक घरचाच माणूस असावयाचा. त्यास काय करावें हें कळलें, तर जातें, पाटा, ताक घुसळण्याची रवी आणि अंगणांतली तुळस हीं सारीं उपकरणेंच आहेत. सुश्रुताचा उपकरणवान् रोगी झोपडींतहि सांपडूं शकेल.

या मताच्या पुष्टीस आतां मोजलेला पुरावाहि आहे. चांगला हात हातमोज्यांत अडकवून ठेवून दुबळ्या हाताकडून दोन आठवडे कसून काम करून घेण्याची टॉब यांची पद्धति 222 रोग्यांवर पारखून पाहण्यांत आली. 2006 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत, नेहमींची शुश्रूषा मिळालेल्या रोग्यांपेक्षां या रोग्यांचा हात अधिक कामाचा झालेला आढळला. मात्र हे रोगी निवडक होते; ज्यांच्या मनगटांत आणि बोटांत थोडी तरी हालचाल उरली होती, असेच घेतले होते. उत्साहाला मर्यादा आहे, हेंहि शास्त्रानेंच दाखविलें. झटक्यानंतर पहिल्या चोवीस तासांत रोग्यास वारंवार उठवून जोरानें हालचाल करावयास लावल्यास काय होतें, हें 2104 रोग्यांत पाहिलें गेलें. 2015 सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अशा रोग्यांची स्थिति तीन महिन्यांनीं नेहमींच्या उपचारांतील रोग्यांहून चांगली नव्हे, तर किंचित् वाईटच आढळली. तेव्हां घाई हा धीर नव्हे. केव्हां आणि किती, हें वैद्यास विचारूनच ठरवावें.

आणखी एक सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. अशा कथा वाचून, जो उठला नाहीं त्याचा निश्चयच कमी पडला, असें म्हणण्याचा मोह होतो. तो क्रूर आहे. कित्येकांच्या मेंदूची इजाच अशी असते कीं, कितीहि प्रयत्न केले तरी पाय चालत नाहीं. आणि झटक्यानंतर येणारें औदासीन्य हाहि बहुधा त्या रोगाचाच भाग असतो, रोग्याचा आळस नव्हे. पाश्चर यांचा पाय ओढतच राहिला, व्हिटमन पूर्ववत् कधींच झाले नाहींत, रूझवेल्ट आधारावांचून चालूं शकले नाहींत. यांपैकीं कोणाचेंहि जीवित त्यामुळें उणें ठरलें नाहीं. जितकें परत येण्याजोगें आहे तितकें परत यावें, आणि जें येणार नाहीं त्याच्यावांचूनहि माणूस घराच्या व्यवहारांत राहावा, एवढेंच सोबत्याचें काम आहे.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर यावरून देतां येईल. औषध जीव वांचवितें. निश्चय पहिलें पाऊल उचलवितो. परंतु दुसरें, तिसरें आणि हजारावें पाऊल पडतें तें समोर कोणी उभें असतें म्हणून. जॉन्सन यांस ऐकणारे मित्र होते, पाश्चर यांस टिपण उतरून घेणारा शिष्य होता, बाख-इ-रिता यांस न ढळणारा मुलगा होता, नील हिला कोडीं घेऊन येणाऱ्या शेजारणी होत्या. यांतील प्रत्येकानें रोग्यास कांहीं दिलें त्यापेक्षां त्याच्याकडून कांहीं मागितलें. आपल्या घरांतहि खाटेवरील माणसापाशीं बसतांना पेला त्याच्या ओठांशीं न्यावयाच्या ऐवजीं त्याच्या दुबळ्या हाताजवळ ठेवावा, आपला हात खालीं तयार असूं द्यावा, आणि वाट पाहावी. थोडें पाणी सांडेल. तेवढें पुसून घेण्याचें काम मात्र परिचारकानें आनंदानें करावें.